बिअरच्या केगचे भाग समजावून सांगाल का? दोन दिवसांत सिलेंडर रिकामा झाला

मिनेसोटाकर

नमस्कार मंडळी,

मिनियापोलिसच्या उत्तरेला राहतो. दोन वर्षं झाली घरी बिअर करतोय, आतापर्यंत सगळी बाटल्यांत भरली. दर खेपेला पन्नासेक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, साखर घालून बुचं ठोकायची आणि मग दोन-तीन आठवडे वाट बघायची. त्याला कंटाळून गेल्या महिन्यात केगकडे, म्हणजे बिअर साठवून नळाने ओतायच्या स्टीलच्या पिंपाकडे वळलो. एक गृहस्थ हा छंद सोडत होते. त्यांच्याकडून पाच गॅलनचे दोन जुने केग, कार्बन डायऑक्साइडचा पाच पौंडी सिलेंडर, दोन काट्यांचा रेग्युलेटर आणि नळ्यांचं एक भेंडोळं असं सगळं दीडशे डॉलरला मिळालं.

शुक्रवारी रात्री पेल एल (बिअरचा एक प्रकार) केगमध्ये भरली, झाकण लावलं, गॅसचा दाब १२ पीएसआयवर ठेवला आणि सगळं फ्रिजमध्ये सरकवलं. रविवारी सकाळी पाहतो तर सिलेंडरचा काटा शून्यावर. आदल्या संध्याकाळपर्यंत तो जागचा हललासुद्धा नव्हता. बिअर अगदी सपक. पुन्हा गॅस भरून आणला, पण आता जोडायची भीती वाटते.

व्हिडिओ बघितले. पण पोस्ट, पॉपेट, डिप ट्यूब अशी नावं धडाधड येतात आणि कुठला भाग कशासाठी आहे ते डोक्यात बसत नाही. त्यात माझे दोन्ही केग एकसारखे नाहीत. एक उंच आणि सडपातळ, दुसरा जरा बुटका आणि जाडा. बुटक्याच्या तोंडांना बाजूने छोट्या खुंट्या आहेत, उंचाच्या तोंडांना काहीच नाही. बुटक्याला आतून रूट बिअरचा वास येतो, तीनदा धुतला तरी जात नाही.

जूनमध्ये भाऊ येतोय साताऱ्याहून, पहिल्यांदाच अमेरिकेत. मी केलेली बिअर नळ उघडून त्याला ग्लासात भरून द्यायची आहे. कोणी एकेक भाग नीट समजावून सांगेल का?

सोलापूरकर_ओहायो

खुंट्यावाला केग पिन लॉक, बिनखुंट्याचा बॉल लॉक. हे दोन्ही मुळात बिअरसाठी बनलेलेच नाहीत. हॉटेलांत आणि थिएटरांत सोड्याच्या मशीनला सरबताचा पाक पुरवायला हे डबे असत. पेप्सीवाले बॉल लॉक वापरत, कोकवाले पिन लॉक. पुढे पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत यायला लागला, हे डबे भंगारात निघाले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. तुमच्या बुटक्यात रूट बिअर मुरलीय ती अशी. आणखी एक, कॉर्नेलियस कंपनी तुमच्याच राज्यातली, अनोकाची. तिच्यावरूनच सगळे याला 'कॉर्नी केग' म्हणतात. उंच केगच्या अंगावरचा शिक्का वाचून बघा, कदाचित गावाचं नाव सापडेल.

गळतीचं म्हणाल तर पहिला संशय रेग्युलेटर आणि सिलेंडरच्या जोडावर. तिथे नायलॉनचा पांढरा वायसर लागतो. जुन्या सामानात तो हमखास हरवलेला असतो. बाकीचं कृष्णाकाठ ताई सांगतील, त्यांचा तो रोजचा विषय आहे.

कृष्णाकाठ

नमस्कार. मी मूळची कऱ्हाडची. चौदा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये एका डेअरीच्या देखभाल विभागात आहे. स्टीलच्या टाक्या, नळ्या आणि रबरी रिंगा यांच्यातच दिवस जातो. घरी बिअर करायला लागून नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी माझाही अख्खा सिलेंडर एका रात्रीत गेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. केगचं पिंप बिघडत नाही. ते स्टेनलेस स्टीलचं आहे, तुमच्या-माझ्यानंतरही राहील. बिघडतात ते सांधे. तुमच्या केगमधून गॅस बाहेर पडायला जागा चारच: झाकणाची कड, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वरची दोन तोंडं, म्हणजे पोस्ट. या जागा अडवायला पाच रबरी रिंगा आणि दोन पॉपेट असतात. त्या पाच रिंगा कुठे बसतात हे ज्याला डोळे मिटून सांगता येतं, त्याला केग कळला असं मी समजते.

झाकणापासून सुरुवात करू. तुमच्या घरी हॉकिन्सचा कुकर होता का? त्याचं झाकण जरा लांबट असतं, तिरकं करून आत घालायचं आणि आतूनच वर ओढून बसवायचं. वाफ धरली की तीच झाकणाला वर दाबून धरते. केगचं झाकण अगदी तसंच आहे. तोंड लंबगोल, झाकण लंबगोल, आत तिरकं घालायचं, फिरवायचं, वर ओढायचं आणि वरची खिटी खाली दाबायची. झाकण खऱ्या अर्थाने बसवतो तो गॅस, खिटी फक्त सुरुवातीला धरून ठेवते. आणि बारा पीएसआयला जुनं झाकण पुष्कळदा बसतच नाही. शुक्रवारी रात्री तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून बिअर भरली की आधी ३० पीएसआय द्यायचे, झाकण वर सरकताना 'टक्' असा आवाज येतो, तो ऐकायचा, मग गॅस कमी करायचा. तरीही कडेने फुसफुसत असेल तर झाकण काढून उलट्या बाजूने, म्हणजे अर्धा वळसा फिरवून लावा. लंबगोल वस्तू एका बाजूने बसत नसली तरी दुसऱ्या बाजूने बसते. याच कडेला पहिली रिंग, पाचांतली सर्वांत मोठी.

झाकणाच्या मधोमध कडी असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब फार वाढला तर तो आपोआप उघडतो आणि कडी ओढली की आपणही दाब सोडू शकतो. केग उघडण्यापूर्वी ही कडी ओढायची, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यायचा आणि मगच खिटीला हात लावायचा. कितीही घाई असली तरी हे चुकवू नका. तुमच्या बुटक्या पिन लॉकच्या झाकणाला कडी नसेल तर घाबरू नका, पुष्कळ पिन लॉकना ती नसतेच. तिथे गॅसच्या तोंडातली मधली पिन पेचकसाने हलकेच दाबून दाब सोडायचा, चेहरा बाजूला ठेवून.

आता दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. कडेच्या रबरावर 'इन' आणि 'आउट' कोरलेलं असतं, पण जुन्या केगवर ते झिजलेलं असतं आणि कोणीतरी पोस्ट काढून अदलाबदलही केलेली असू शकते, म्हणून अक्षरांवर विसंबू नका. बॉल लॉकमध्ये गॅसच्या पोस्टच्या बुडाशी खाचा पाडलेल्या असतात, बिअरची पोस्ट साधी सहाकोनी असते. पिन लॉकमध्ये गॅसच्या पोस्टला दोन खुंट्या, बिअरच्या पोस्टला तीन. त्यामुळे पिन लॉकवर उलटसुलट जोडणी होतच नाही. बॉल लॉकवर मात्र जोर लावला तर गॅसचा जोड (नळीच्या टोकाला असतो, पोस्टवर बसतो तो) बिअरच्या तोंडावर चढतो आणि मग निघता निघत नाही. मी एकदा तो काढताना हात सोलवटून घेतलाय. राखाडी जोड गॅसचा, काळा जोड बिअरचा, आणि सहज बसत नसेल तर थांबून पुन्हा बघायचं.

प्रत्येक पोस्टच्या बाहेरच्या अंगाला गळ्यासारखी खाच असते, तीत एकेक रिंग. म्हणजे दोन, आधीची एक धरून तीन झाल्या. या दोन रिंगा जोड लावताना-काढताना घासतात, म्हणून लवकर चिरतात.

पोस्ट पान्याने उघडा (माझ्या केगला ७/८ इंची पाना लागतो, काही जुन्यांना ११/१६, आणि पिन लॉकला खुंट्यांसाठी खाचा पाडलेलं सॉकेट). आत एक छोटा स्प्रिंगचा दट्ट्या दिसेल, तोच पॉपेट. ज्याने गोटी सोडा प्यालाय त्याला हा समजावून सांगावा लागत नाही. बाटलीतला गॅस गोटीला खालून वर ढकलून रबराच्या कड्यावर दाबून धरतो. आपण अंगठ्याने गोटी खाली ढकलली की बाटली उघडली. पॉपेट म्हणजे ती गोटी, फक्त हिला गॅसच्या जोडीला स्प्रिंगही आहे. जोड लावला की त्यातली पिन पॉपेटला खाली दाबते आणि वाट उघडते, जोड काढला की पॉपेट उसळून वर येतो आणि वाट बंद. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) एखादा तुकडा त्याच्या बसण्याच्या जागी अडकला तरी तिथून रात्रभर गॅस जात राहतो. आवाज येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

पोस्ट निघाली की खाली नळी दिसेल, डिप ट्यूब. बिअरच्या बाजूची नळी लांब, पार तळाच्या खळग्यापर्यंत जाणारी. गॅसच्या बाजूची बोटभर. गॅस वरून दाबतो, बिअर तळातून नळीने वर चढते, एवढंच यंत्र आहे. पंपाची गरज नाही. प्रत्येक नळीच्या वरच्या कॉलरखाली एक बारीक रिंग असते, चौथी आणि पाचवी. पोस्ट घट्ट आवळली की तीच नळीला आणि पिंपाला सांधते. आणि पाचांत सगळ्यांत जास्त विसरली जाणारी रिंग हीच, कारण ती पोस्ट उघडल्याशिवाय दिसत नाही. बाहेरची रिंग नवी कोरी, आतली चपटी होऊन कडक झालेली, असे किती केग मी पाहिले असतील. लांब नळीची रिंग गळत असेल तर आणखी एक खूण दिसते: नळातून बिअर नुसती फेसाळत येते, कारण वरचा गॅस त्या फटीतून नळीत शिरतो.

बोटभर नळीचीही एक गोष्ट. बिअर तिच्या टोकाच्या वर भरू नका. टोक बुडलं आणि गॅसचा दाब कधी कमी झाला की बिअर उलटी गॅसच्या नळीत चढते आणि रेग्युलेटरपर्यंत जाते.

रूट बिअरच्या वासाचं उत्तर तुम्हाला आता सुचलं असेल. स्टील वास धरत नाही, रबर धरतं. तीनदा धुऊन पिंप स्वच्छ झालं, वास रिंगांत आहे. पाचही रिंगा काढून फेका आणि नवा संच घाला, तीन-चार डॉलरला मिळतो. घरात केग आला की मी कशाचीही वाट न बघता आधी हेच करते. झाकणाची मोठी रिंग सिलिकॉनचीही मिळते. ती मऊ असते, चेपलेल्या कडेवर चटकन बसते, पण सिलिकॉनमधून हवा हळूहळू आरपार जाते. दोन महिने ठेवायची बिअर असेल तर साधी काळी रिंगच बरी. रिंगांना खाण्याजोगं सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसटसं लावा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने काही प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

सिलेंडरचा काटा आदल्या संध्याकाळपर्यंत हलला नाही म्हणालात. तो हलणारच नाही. सिलेंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. घरातल्या तापमानाला वरच्या वाफेचा दाब ८०० पीएसआयच्या वर असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत तेवढाच राहतो. फ्रिजमध्ये ठेवलात की साडेपाचशेच्या आसपास उतरतो, ती गळती नव्हे, थंडी आहे. घरचा स्वयंपाकाचा सिलेंडरही असाच, शेवटपर्यंत ज्योत तशीच आणि मग एकदम विझते. आई सिलेंडर हलवून बघायची ना, तसं इथे वजन करायचं. मानेजवळ रिकाम्या सिलेंडरचं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करा. काटा शून्याकडे सरकायला लागेपर्यंत द्रव संपलेला असतो.

गळती शोधताना एक चूक सगळे करतात, मीही केली. भरलेल्या केगवर परीक्षा घेऊ नका. सपक बिअर गॅस पिऊन घेते, काटा खाली येतो आणि आपण गळती समजून दोन तास साबण फवारत बसतो. केग रिकामा ठेवा. ३० पीएसआय द्या, सिलेंडरची चावी बंद करा आणि कमी दाबाचा काटा कुठे आहे तिथे पेनाने खूण करून झोपा. सकाळी काटा तिथेच तर सगळं ठीक. उतरला असेल तर केगचा जोड काढून नुसत्या रेग्युलेटरची आणि नळीची तीच परीक्षा. त्यात काटा टिकला तर गळती केगमध्ये, उतरला तर इकडे. मग साबणाचं पाणी. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून हळूहळू फिरवतो, एकेक वीत, घाई न करता. तितकंच सावकाश बघा. बारीक गळतीचा बुडबुडा वाढायला अर्धा मिनिटही लागतो.

ब्लीच घरात असेल तर केगपासून लांब ठेवा. क्लोरीन स्टेनलेसला टोचे पाडतं, आणि त्या टोच्यांत जंतू बसले की ब्रशही पोचत नाही. डेअरीत आम्ही असल्या टोच्यांपायी टाक्या बाद केल्यात. परकार्बोनेटवाली पावडर गरम पाण्यात घालून केग भिजवा, खळबळून धुवा, मग स्टार सॅन, म्हणजे निर्जंतुक करायचं द्रावण. स्टार सॅनचा फेस राहिला तरी चालतो. लांब डिप ट्यूबमध्ये लांब बारीक ब्रश घालायला विसरू नका. आतून किती घाण निघते ते बघाल तेव्हा मी का सांगतेय ते पटेल.

शेवटचं, सिलेंडरबद्दल. तो नेहमी उभा ठेवा आणि रेग्युलेटरशिवाय कशालाही जोडू नका. केगच्या अंगावर १३० पीएसआयची कमाल मर्यादा छापलेली असते आणि सिलेंडरमध्ये तिच्या सहापटीहून जास्त दाब आहे. तुमचा दोन दिवसांत गेलेला गॅस फ्रिजच्या आसपास पसरला, ते ठीक. तो बंद तळघरातल्या छोट्या खोलीत असता तर मला काळजी वाटली असती. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो.

मिनेसोटाकर

ताई, दोनदा वाचलं आणि प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. हॉकिन्स वाचल्यावर झाकण हातात घेतलं आणि पहिल्यांदा कळलं की ते असं का आहे.

काल दोन्ही केग उघडले. उंच केगवर खरंच अनोकाचा शिक्का आहे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर! त्याच्या पोस्ट उघडल्या. गॅसच्या बाजूला कॉलरखाली रिंग होती, चपटी आणि काळ्या पेन्सिलीसारखी कडक. बिअरच्या बाजूला रिंगच नव्हती. मुळात नव्हतीच. सोलापूरकरांचाही अंदाज बरोबर, रेग्युलेटरचा नायलॉन वायसर आहे पण त्याच्यावर खोल वण पडलाय.

दोन प्रश्न. पिन लॉकच्या पोस्ट बदलून बॉल लॉक करून घेऊ का? आणि माझा एक मित्र कारखान्याचा मोठा, साडेपंधरा गॅलनचा केग द्यायला तयार आहे, तो घेऊ का?

कृष्णाकाठ

गेलेल्या गॅसचा हिशेब लागला मग. नायलॉन वायसर डझनभर मागवा, सिलेंडर बदलताना दरवेळी नवा. नट पान्याने (१ १/८ इंची) चांगला आवळायचा, हाताने नाही.

पोस्ट बदलू नका. बदलायचे संच मिळतात, पण पिन लॉक हा उत्तम केग आहे, आणि फळ्या घातलेल्या फ्रिजमध्ये तर बुटकाच सोयीचा. पिन लॉकचे दोन जोड घ्या आणि नळीच्या टोकाला आट्यांचे जोड बसवा, म्हणजे तीच नळी आज बॉल लॉकला, उद्या पिन लॉकला लागते. ज्या पैशांत पोस्ट येतील त्यात नळ्या नव्या येतील. जुन्या घेऊ नका, त्यांच्या आतला वास कधी जात नाही.

मोठा केग नको. तो बहुतेक वेळा कारखान्याच्या मालकीचा असतो, आपण फक्त अनामत भरलेली असते, आणि विकत घेणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं. शिवाय त्यातली मधली दांडी एका स्प्रिंगच्या कड्याने धरलेली असते. आत दाब असताना ते कडं काढलं तर दांडी गोळीसारखी सुटते. असं करताना माणसं गेलेली आहेत.

पर्वतीपायथा

पुण्याहून वाचतोय. फार छान समजावलंय ताई. इथे घरी असं करता येईल का?

सोलापूरकर_ओहायो

बिअर नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरी पिण्यापुरतं असलं तरी. अमेरिकेतही हे फार जुनं नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली, तेव्हा केंद्राच्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, आणि अलाबामा-मिसिसिपीला तर २०१३ उजाडलं. केग मात्र तुम्ही खुशाल आणा, सोड्याला कोणाची ना नाही. आमच्याकडे एक केग कायम नुसत्या सोड्याचा असतो. उन्हाळ्यात त्यात कोकमाचं आगळ, जिरेपूड आणि मीठ घालून पितो.

कृष्णाकाठ

सोड्याला दाब जास्त लागतो, तीसच्या आसपास, आणि पाणी बर्फासारखं गार हवं. आगळ ग्लासात घालताय ना? केगमध्ये घालू नका, रिंगांना वास बसेल.

सोलापूरकर_ओहायो

ग्लासातच, ताई.

मिनेसोटाकर

तीन आठवड्यांनी परत आलोय. पाचही रिंगा दोन्ही केगमध्ये नव्या. रिकामे केग ३० पीएसआयवर रात्रभर ठेवले. उंचाचा काटा सकाळी खुणेवरच. बुटक्याचा दोन पीएसआयने उतरलेला. साबण लावला, काही दिसेना. शेवटी तुम्ही म्हणालात तसं वीत-वीत फिरत गेलो तर बिअरच्या पोस्टच्या मधोमध पॉपेटवर एक बुडबुडा, टाचणीच्या डोक्याएवढा, हळूहळू फुगणारा. पॉपेट काढला तर बसण्याच्या जागी वाळलेल्या पाकाचा तांबूस कण. कोकचं काय ते असेल, किती वर्षांपूर्वीचं देवाला ठाऊक. गरम पाण्याने पुसला आणि दुसऱ्या दिवशी काटा हलला नाही.

पेल एल गेल्याच्या आधीच्या शनिवारी भरली. आधी ३०, 'टक्' ऐकलं, मग १२. फ्रिज ३ अंशांवर. दहाव्या दिवशी ग्लासात ओतली. बिअरमध्ये गॅस उत्तम धरलाय, पण ग्लासात अर्ध्याहून जास्त फेस येतो. लांब नळीची रिंग पुन्हा तपासली, ठीक आहे. नळी ४ फूट आहे, आतला व्यास ३/१६ इंच.

कृष्णाकाठ

मग नळीच आखूड आहे. १२ पीएसआयला त्या व्यासाची नळी १० फूट घ्या. लांब बारीक नळीत घासत जाताना बिअरचा दाब हळूहळू उतरतो आणि ती शांतपणे बाहेर येते. चार फुटांत तो दाब नळाशी एकदम सुटतो आणि गॅस फेस होऊन उसळतो. पुष्कळजण वैतागून गॅसच कमी करतात, तसं करू नका, आठवड्यात बिअर पुन्हा सपक होईल. नळीचं भेंडोळं केगच्या डोक्यावर ठेवा, गार राहील. नळ उघडताना झटक्यात पूर्ण उघडा, अर्धवट धरलेल्या नळातून फेसच येतो.

फ्रिज कुठे आहे, घरात की गॅरेजमध्ये? मिनेसोटात जानेवारीत गॅरेज शून्याखाली वीसपर्यंत जातं, आणि फ्रिजला गार करता येतं, ऊब देता येत नाही. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे अडीचच्या सुमाराला गोठायला लागते. आधी नळी गोठते, मग डिप ट्यूब.

मिनेसोटाकर

गॅरेजमध्येच आहे. थंडीआधी तळघरात हलवतो, आणि तिथे गॅस खाली साचतो हे लक्षात ठेवून जमिनीलगत कार्बन डायऑक्साइडचा अलार्मही बसवतो. दहा फुटांची नळी मागवली, गुरुवारी येईल. भावाचं विमान शनिवारी आहे.

कृष्णाकाठ

पहिला ग्लास ओतून टाका, नव्या नळीचा वास त्यात येतो. दुसरा त्याला द्या.